शून्य पूर्णांक सात : सौंदर्याच्या एका सूत्राची तपासणी

आमच्या गटातल्या एक बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवतात. नववीच्या वर्गात 'गुणोत्तर व प्रमाण' हे प्रकरण संपले, त्या दिवशी तास झाल्यावर एक मुलगी वही घेऊन त्यांच्याकडे आली. वहीत ६४ भागिले ७८ असा भागाकार केलेला होता. "बाई, ०.८२ येतंय. पण ०.७ यायला पाहिजे ना?" बाईंनी भागाकार तपासला, तो बरोबर होता. मग हा आकडा कशाचा, अशी चौकशी केल्यावर कळले, की वरचा आकडा तिच्या कमरेचा होता आणि खालचा नितंबांच्या घेराचा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. कमरेचा घेर भागिले नितंबांचा घेर बरोबर ०.७ आले तर ती स्त्री सुंदर, हे 'विज्ञानाने सिद्ध झाले आहे', असे तिने मोबाइलवर वाचले होते. आठवडाभर ती डबा न उघडताच घरी नेत होती, हे तिच्या मैत्रिणीने नंतर सांगितले.

"असं काही नसतं गं, तू छान आहेस," असे म्हणून बाईंना सुटता आले असते. पण मुलीने विज्ञानाचे नाव घेऊन प्रश्न विचारला होता. त्याला मायेने उत्तर देणे चांगलेच, पण पुरेसे नाही. हे सूत्र आले कुठून? ते कसे तपासले गेले? त्यातले किती टिकले? या प्रश्नांचा माग काढत आम्ही काही महिने वाचन केले. त्यातून जे समजले ते इथे मांडत आहोत. एक शोधनिबंध कसा वाचावा, याचाही हा एक नमुना आहे.

बारा रेखाचित्रे

१९९३ साली देवेंद्र सिंग यांचा एक निबंध अमेरिकेतील मानसशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सिंग मूळचे भारतीय. ते टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक होते. २०१० साली त्यांचे निधन झाले. त्यांची पद्धत अगदी सोपी होती. स्त्रीच्या आकृतीची बारा रेखाचित्रे घेतली. वजनाचे तीन प्रकार : कमी, मध्यम आणि जास्त. प्रत्येक प्रकारात कंबर-नितंब गुणोत्तर ०.७, ०.८, ०.९ आणि १.० अशी चार चित्रे. तीन चोक बारा. ही चित्रे विद्यापीठातील तरुण मुलांना, नंतर वयाने मोठ्या पुरुषांनाही दाखवली आणि आकर्षकतेप्रमाणे क्रम लावायला सांगितले. मध्यम वजनाची आणि ०.७ गुणोत्तराची आकृती सर्वांत वर आली. तीच आकृती निरोगीही वाटते, असे लोकांनी सांगितले.

असे का व्हावे? सिंग यांचे उत्तर उत्क्रांतीच्या अंगाने जाणारे होते. वयात येण्यापूर्वी मुलगा व मुलगी यांच्या या गुणोत्तरात फारसा फरक नसतो. वयात येताना मुलींमध्ये इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे चरबी नितंब व मांड्यांवर साठू लागते आणि गुणोत्तर कमी होते. उतारवयात ते पुन्हा वाढते. पोटावर साठणाऱ्या चरबीचा संबंध मधुमेह व हृदयविकाराशी आहे. म्हणजे हे गुणोत्तर वय, आरोग्य आणि जननक्षमता यांची खूण ठरते. ही खूण ओळखणाऱ्या पुरुषांना अधिक संतती झाली असेल, तर तशी आवड पिढ्यानपिढ्या टिकून राहिली असेल. आणि तसे असेल, तर ती जगभर सारखी असायला हवी.

ही मांडणी टाकाऊ मुळीच नाही. चरबीच्या वाटणीचा आणि संप्रेरकांचा संबंध खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढ स्त्रियांमध्ये ०.८५ च्या वर आणि पुरुषांमध्ये ०.९० च्या वर गुणोत्तर गेल्यास आजारांचा धोका वाढतो असे मानते. शिवाय सिंग यांनी असा दावा केला की जो तपासून पाहता येतो, चुकीचा ठरवता येतो. चांगल्या विज्ञानाचे हे लक्षणच आहे. तेव्हा आपणही तो तपासूनच पाहू.

पहिली तपासणी : चित्र कसे काढले?

वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन एक आकृती काढावी. आता तिचे गुणोत्तर ०.९ वरून ०.७ करायचे आहे. आपण काय कराल? बहुतेक जण कंबर आत घेतील. पण कंबर आत घेतली की ती आकृती बारीकही दिसू लागते. म्हणजे आपण दोन गोष्टी एकदम बदलल्या : गुणोत्तर आणि अंगलट. बघणाऱ्याने दुसरे चित्र निवडले, तर त्याला यातले नेमके काय आवडले, हे कसे कळणार?

आठवीच्या मुलांना आपण प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलायला शिकवतो. रोपाला पाणी आणि खत दोन्ही वाढवले, तर रोप कशामुळे वाढले हे सांगता येत नाही. इथे नेमकी तीच अडचण होती. १९९८ साली टॅसिनरी आणि हॅन्सन यांनी कमरेचा आकार, नितंबांचा आकार आणि वजन हे तीन घटक वेगवेगळे बदलता येतील अशी नवी चित्रे तयार केली. तेव्हा गुणोत्तर आणि आकर्षकता यांचे आधीचे सरळ नाते उरले नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मार्टिन टोव्ही यांच्या गटाने रेखाचित्रांऐवजी खऱ्या स्त्रियांची, चेहरा झाकलेली छायाचित्रे वापरली. प्रत्येकीचे गुणोत्तर आणि बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, हे दोन्ही ठाऊक होते. लोकांनी दिलेल्या गुणांमधला फरक समजावून देण्यात बीएमआयचा वाटा बराच मोठा निघाला आणि गुणोत्तराचा लहान. म्हणजे इंग्लंडमधल्या त्या बघणाऱ्यांची नजर आधी एकूण अंगलटीवर जात होती, कमरेच्या वळणावर नंतर.

दुसरी तपासणी : विचारले कोणाला?

सिंग यांनी आपली चित्रे पुढे इतर वंशाच्या लोकांना, अमेरिकेत नव्याने आलेल्या इंडोनेशियन लोकांनाही दाखवली आणि उत्तरे जुळली. यावरून आवड सार्वत्रिक आहे असे म्हणता येईल का? जरा थांबून विचार करू. टेक्सासचा विद्यार्थी आणि जाकार्ताचा विद्यार्थी दोघेही एकाच प्रकारचे चित्रपट आणि जाहिराती पाहत वाढले असतील, तर दोघांचे उत्तर एकच येणे हे उपजत आवडीमुळे असेल किंवा त्या चित्रपटांमुळे असेल. हा निकाल दोन्ही अंदाजांना सारखाच जुळतो, म्हणून त्यातून कोणताच सिद्ध होत नाही.

हाच मुद्दा डग्लस यू आणि ग्लेन शेपर्ड यांनी उचलला. १९९८ साली 'नेचर' या साप्ताहिकात त्यांचा एक छोटा निबंध आला. पेरू देशाच्या आग्नेय भागातील मानू राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात मात्सिगेंका नावाचे लोक राहतात. त्यांच्यातील अगदी दूरच्या, बाहेरच्या जगाशी फारच थोडा संबंध आलेल्या एका गावातील पुरुषांना यांनी तशीच चित्रे दाखवली. त्या पुरुषांनी आधी वजन पाहिले आणि भरलेल्या अंगाच्या आकृत्या वर ठेवल्या. मग सारख्या वजनाच्या आकृत्यांमधून त्यांनी जास्त गुणोत्तराची, म्हणजे कमी 'कमनीय' आकृती पसंत केली. ज्या मात्सिगेंका लोकांचा बाहेरच्या जगाशी अधिक संबंध आला होता, त्यांची उत्तरे अमेरिकन उत्तरांच्या जवळ सरकलेली होती.

टांझानियातील हाड्झा लोक शिकार व कंदमुळे यांवर जगतात. १९९९ मध्ये वेट्समन आणि मार्लो यांनी त्यांच्यात केलेल्या पाहणीतही पुरुषांनी अधिक वजनाच्या आकृत्या निवडल्या, गुणोत्तराकडे लक्ष दिले नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर ती फार सोयीची झाली असती. सूत्र खोटे ठरले, टाळ्या! पण २००५ साली मार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःचेच काम पुन्हा तपासले. आधीची सगळी चित्रे समोरून काढलेली होती. आता त्यांनी बाजूने दिसणाऱ्या आकृत्या दाखवल्या. तेव्हा हाड्झा पुरुषांनी नितंब अधिक मागे आलेल्या, म्हणजे बाजूने पाहता कमी गुणोत्तराच्या आकृत्या पसंत केल्या, तेही अमेरिकन पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात. समोरून आणि बाजूने अशी दोन्ही मोजमापे एकत्र घेतली, की दोन समाजांमधले अंतर कमी होते. म्हणजे टीका करणाऱ्यांच्या मोजपट्टीतही चूक होती, आणि ती त्यांनीच दाखवून दिली. विज्ञानात आम्हाला भावतो तो हा भाग. सिंग यांच्या मूळ कल्पनेत काही तथ्य असावे, याची शक्यता उरते. मात्र '०.७ हा जगभरचा आकडा' हा दावा उरत नाही.

तिसरी तपासणी : बेरीज बरोबर होती का?

१९९३ च्या निबंधात आणखी एक पुरावा होता. अमेरिकेतील सौंदर्यस्पर्धेच्या विजेत्या आणि पुरुषांसाठीच्या एका प्रसिद्ध मासिकातील मॉडेल यांची अनेक वर्षांची मापे घेऊन असे सांगितले गेले, की वजने घटत गेली, पण गुणोत्तर ०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहिले. हे वाक्य पुढे पुस्तकापुस्तकातून फिरले. फिरता फिरता 'आसपास' आणि 'जवळजवळ' हे शब्द गळून पडले आणि ०.७ तेवढा राहिला.

२००२ साली जेरेमी फ्रीझ आणि शेरी मेलँड यांनी मूळ मापे पुन्हा मांडली. त्यांना आढळले, की ही गुणोत्तरे एका आकड्याभोवती घट्ट बांधलेली नव्हती. ती बरीच पसरलेली होती आणि काळानुसार बदलतही होती. सरासरी सांगितली आणि पसारा सांगितला नाही की काय होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. वर्गाची सरासरी ६० गुण असली, म्हणून प्रत्येक मुलाला ६० गुण नसतात, हे आपण रोज पाहतो. छापील सरासरी पाहिली की मात्र ते विसरतो.

पोट भरलेले आणि पोट रिकामे

आतापर्यंत आपण समाजासमाजांतले फरक पाहिले. पण एकाच समाजातही आवड पक्की असते का? २००५ साली नेल्सन आणि मॉरिसन यांनी अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या भोजनगृहाच्या दाराशी विद्यार्थ्यांना गाठले. जेवायला आत जाणाऱ्या भुकेल्या मुलांनी 'पसंतीच्या' स्त्रीचे जे वजन सांगितले, ते जेवून बाहेर पडणाऱ्यांनी सांगितलेल्या वजनापेक्षा थोडे जास्त होते. पुढच्या वर्षी विरेन स्वामी आणि टोव्ही यांना इंग्लंडमध्येही, छायाचित्रे वापरून, त्याच दिशेचा निष्कर्ष मिळाला.

२००६ मध्ये टोव्ही, स्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील झुलू लोक आणि इंग्लंडमधील लोक यांची तुलना केली. झुलू लोकांची पसंती बऱ्याच जास्त बीएमआयला होती. जिथे बारीक होणे म्हणजे क्षय किंवा एड्सची शंका, तिथे भरलेले अंग ही आरोग्याची खूण वाटणारच. पण महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे. दक्षिण आफ्रिकेतून इंग्लंडला स्थलांतर केलेल्या झुलू लोकांची पसंती या दोहोंच्या मधोमध होती, आणि इंग्लंडमध्येच वाढलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची पसंती गोऱ्या ब्रिटिशांसारखीच. वंश तोच, परिसर बदलला आणि आवड सरकली.

आपल्याला हे परके वाटू नये. 'खात्यापित्या घरची', 'बाळसे धरले', 'अंगावर मांस नाही', 'नुसती काडी' हे शब्द आपल्याच भाषेतले आहेत. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना बरगड्या दिसणे हे रूपाचे लक्षण वाटणे शक्य नव्हते. त्यांच्या नातींच्या लग्नाच्या जाहिरातीत मात्र 'सडपातळ' हा शब्द हटकून असतो. दोन-तीन पिढ्यांत माणसाची जनुके बदलत नाहीत. बदलले ते ताट, काम आणि समोरची चित्रे.

म्हणून 'सगळे जनुकांत लिहिले आहे' हे जसे चूक, तसे 'सगळे समाजाने शिकवलेले आहे' हेही पूर्ण खरे नाही. परिसर पाहून, आरोग्याच्या आणि सुबत्तेच्या खुणा कोणत्या हे ठरवणारी नजर माणसाला असावी, असे या पुराव्यांवरून दिसते. नजर उपजत असेल, पण ती काय पाहील हे आजूबाजूचे जग ठरवते.

आजूबाजूचे जग म्हणजे काय?

फिजी बेटांवर पूर्वी धडधाकट, भरल्या अंगाचे कौतुक होते. तेथील नाद्रोगा भागात १९९५ साली दूरदर्शन संच आले. अ‍ॅन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीच्या बिघडलेल्या वृत्ती मोजणाऱ्या प्रश्नावलीत धोक्याच्या पातळीवर असलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणाऱ्या मुली पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या. दुसऱ्या पाहणीत ११.३ टक्के होत्या.

इथेही आपली तपासणीची सवय सोडायला नको. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि प्रत्येक वेळी त्या साठ-पासष्टच होत्या. दूरदर्शन न आलेले गाव तुलनेला घेतलेले नव्हते. तेव्हा केवळ या पाहणीवरून सगळा दोष पडद्याला देता येत नाही. मात्र २०१६ मध्ये लिंडा बूथरॉयड यांच्या गटाने निकाराग्वातील ग्रामीण भागात दूरदर्शन कमी-अधिक पाहणाऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली. तिथेही जास्त पाहणाऱ्यांची पसंती अधिक बारीक आकृतीला होती. दोन वेगळ्या ठिकाणचे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात.

आणि एक जुना प्रयोग. १९८५ साली फॅलन आणि रोझिन यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना बारीक ते जाड अशा नऊ आकृत्यांची रांग दाखवली. मुलींना विचारले, पुरुषांना यातली कोणती आवडत असेल? त्यांनी दाखवलेली आकृती मुलांनी स्वतः निवडलेल्या आकृतीपेक्षा बारीक होती. म्हणजे मुली ज्या पसंतीसाठी झुरत होत्या, ती पसंती तितकी अस्तित्वातच नव्हती!

परीक्षक आपणही आहोत

आतापर्यंत आपण दुसऱ्यांना तपासले. आता थोडे स्वतःकडे वळू. १९७३ साली क्लिफर्ड आणि वॉल्स्टर यांनी अमेरिकेतील मिसुरी राज्यातील पाचवीच्या सुमारे चारशे शिक्षकांकडे एका विद्यार्थ्याचे प्रगतिपुस्तक पाठवले. सगळ्यांकडे गुण तेच, शेरे तेच. फक्त चिकटवलेले छायाचित्र वेगळे. देखण्या मुलाचे छायाचित्र असलेले प्रगतिपुस्तक ज्यांना मिळाले, त्यांनी त्या मुलाची बुद्धी अधिक मानली, तो पुढे जास्त शिकेल असे म्हटले आणि त्याच्या पालकांना शिक्षणाची जास्त आस्था असेल असाही अंदाज केला. त्याच्या आदल्या वर्षी कॅरन डायन यांनी दाखवले होते, की मोठी खोडी देखण्या मुलाने केली असेल तर वाचणारा 'आज त्याचे बिनसले असेल' असे म्हणतो आणि तीच खोडी दिसायला साधारण असलेल्या मुलाची असेल तर 'त्याचा स्वभावच तसा' असे म्हणतो.

हे प्रयोग पन्नास वर्षांपूर्वीचे आणि परदेशातले आहेत, असे म्हणून आपल्याला सुटता येईल का? स्नेहसंमेलनात स्वागताला कोणत्या मुली उभ्या करतो, पाहुण्यांना गुच्छ कोणाच्या हातून देतो, 'जाड्या', 'काडी पहिलवान' ही नावे वर्गात ऐकू आली की आपण हसतो की थांबवतो, हे आम्ही एकमेकांना विचारले. उत्तरे फार सुखाची नव्हती. सौंदर्याचे सूत्र मोबाइलवर येण्याआधी ते शाळेत वेगळ्या रूपात हजर होते.

वर्गात काय करता येईल?

मुलांची मापे वर्गात घेऊ नयेत. कंबर नाही, वजनही नाही. वाढत्या वयाच्या मुलांना प्रौढांचे आकडे लागू पडत नाहीत, आणि चारचौघांत वाचलेला आकडा मूल वर्षानुवर्षे विसरत नाही. आरोग्यतपासणी एकेकट्याने आणि खासगीत व्हावी.

त्याऐवजी एक बाहुली आणा. १९५९ पासून जगभर विकली जाणारी बार्बी बहुतेक गावांत कोणाच्या तरी घरी सापडते. दोरा आणि पट्टी घेऊन तिची उंची, कंबर, नितंब मोजा. खऱ्या माणसाच्या उंचीला आणले, तर कंबर किती होईल, हे त्रैराशिकाने काढा. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हेच गणित केले होते. त्या जुन्या बार्बीसारखी शरीररचना एक लाख स्त्रियांत एकीचीही मिळणे कठीण, असे उत्तर आले. तिचा जोडीदार केन याच्यासारखा पुरुष मात्र पन्नासात एक! हा फरक का असावा, यावर मुलामुलींना बोलू द्या. २०१६ मध्ये या बाहुलीच्या आणखी तीन शरीररचना बाजारात आल्या. त्याही मोजून पाहा.

दुसरे म्हणजे 'बारीक व्हा' हा एकच सल्ला सरसकट देऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १८.७ टक्के स्त्रियांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी होता आणि २४ टक्के स्त्रियांचा २५ किंवा त्याहून जास्त. पोटाला पुरेसे न मिळणारी आणि पोट मुद्दाम रिकामे ठेवणारी अशा दोन्ही मुली एकाच बाकावर असू शकतात.

त्या नववीच्या मुलीला बाईंनी अखेर काय सांगितले? त्यांनी तिला या बारा चित्रांची गोष्ट सांगितली. तुझा भागाकार बरोबर आहे, पण 'असते' आणि 'असायला पाहिजे' यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह मांडता येत नाही, हेही सांगितले. काही लोकांना, काही काळी, काही चित्रांत एक आकृती आवडली, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. आणि तुझे हाड अजून वाढते आहे, त्याला डब्यातली पोळी-भाजी लागते.

मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, मग चित्रात मुलीच का काढल्या? मुलांची कंबर कोणी मोजली नाही का?"

मोजली आहे. पुरुषांच्या आकृत्यांवरही सिंग यांनी १९९५ साली असाच अभ्यास केला होता. पण तो मोबाइलवरून कोणाच्या वहीपर्यंत आला नाही. का आला नाही, हा प्रश्न मात्र मानसशास्त्रापेक्षा आपल्या सगळ्यांना विचारायला हवा.